अंग पुसता पुसता : प्रस्तावना

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला गेलेली मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की आईवडील कौतुकाने विचारतात, काय काय शिकलीस? ती जरा नाराजीनेच सांगते : बेड करायला शिकवला, पेशंटचं अंग पुसायला शिकवलं, बेडपॅन द्यायला शिकवलं. इंजेक्शन अजून नाही. घरच्यांचा चेहरा उतरतो. एवढी फी भरली ती यासाठी? बारावी सायन्सला बरे मार्क मिळवून आलेला मुलगा असेल तर तो यातलं काहीच घरी सांगत नाही. बीपी बघायला शिकलो, एवढंच सांगतो आणि विषय बदलतो.

या नाराजीला आमची पुस्तकंही जबाबदार आहेत. त्यांत मूलभूत कौशल्यं एका भागात असतात आणि रुग्णाची तपासणी दुसऱ्या भागात. पहिल्या भागात हाताची कामं : बेडमेकिंग, स्पंजिंग, तोंडाची काळजी, पाठीची काळजी, भरवणं, कूस बदलून देणं. दुसऱ्या भागात डोक्याची : नाडी, श्वास, रक्तदाब, शुद्ध, निरीक्षण, ठोकून पाहणं, ऐकणं. शिकणाऱ्याला वाटतं की पहिलं काम मावशींचं आणि दुसरं डॉक्टरांचं. मग आपलं कुठलं? हे पुस्तक मी त्या प्रश्नासाठी लिहिलं, आणि माझं उत्तर असं की ही दोन कामं मुळात वेगळी नाहीतच. वॉर्डातल्या रोग्याचं शरीर टाळूपासून टाचेपर्यंत, पुढून आणि मागून, चोवीस तासांत एकदाच कुणाच्या तरी नजरेखालून जातं, आणि ते त्याचं अंग पुसताना. राऊंडला डॉक्टर येतात, छाती ऐकतात, पोट दाबतात, रिपोर्ट बघतात. पाठ कोण बघतं?

नीट केलेल्या एका स्पंजबाथमध्ये काय काय कळतं ते पाहा. सुरुवात चेहऱ्यापासून. डोळा नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसत न्यायचा. तेवढ्यात बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळसर आहे का, खालची पापणी ओढली तर आतला रंग फिकट आहे का, हे दिसून जातं. तोंड उघडायला सांगितलं की जीभ कोरडी आहे की तिच्यावर पांढरा थर आहे, ते समजतं. हात उचलायला सांगितला आणि काल सहज उचलणारा माणूस आज दुसऱ्या हाताने तो उचलून देत असेल, तर अंग पुसणं तिथेच थांबवायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. सलाईनच्या सुईभोवती सूज, लाली, गरमपणा. पोटावरून रुमाल फिरवताना ओटीपोटात टणक फुगवटा लागतो आणि युरोबॅग मात्र रिकामी आहे : म्हणजे लघवी तयार होत नाही असं लगेच धरू नका, आधी कॅथेटर अडकला आहे का ते बघा. पायांशी आल्यावर दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघायच्या. एक सुजलेली, गरम, दाबली की दुखणारी असेल तर ती चोळायची नाही, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. नडगीवर बोट दाबून धरलं की खळगा राहतो का? मधुमेही माणसाच्या बोटांच्या बेचक्यात जखम आहे का? ती त्याला स्वतःला माहीत नसते, कारण तिथे दुखतच नाही. मग कुशीवर वळवायचं. आडवं झाल्यावर धाप लागली, तर ती एका वाक्याची नोंद झाली. माकडहाडावरची त्वचा लाल दिसली तर बोटाने दाबायची. बोट काढल्यावरही लाली तशीच राहत असेल तर बेडसोअर सुरू झाला. शेवटी टाचा, ज्या सगळे विसरतात.

हे सगळं होतं तेव्हा पडदा ओढलेला असतो, नातेवाईक बाहेर असतात आणि माणूस बोलत असतो. त्या बोलण्याकडे मी पुढे येणार आहे.

या कामाची ताकद किती, याचं आपल्याकडचं सगळ्यांत मोठं उदाहरण परळच्या केईएम रुग्णालयातलं आहे. अरुणा शानबाग तिथल्याच परिचारिका. १९७३ साली त्यांच्यावर झालेल्या हल्ल्यानंतर त्या २०१५ च्या मे महिन्यात जाईपर्यंत, चार दशकांहून अधिक काळ, अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे केईएमच्या परिचारिकांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी केलं. दयामरणाच्या प्रश्नावर खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याचा निकाल २०११ च्या मार्चमध्ये लागला. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल निष्क्रिय दयामरणासाठी वाचतात. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनी तो आणखी एका गोष्टीसाठी वाचावा : इतक्या वर्षांत त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही, हे त्या खटल्यात पुढे आलं, आणि न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचं तोंड भरून कौतुक केलं. स्वतः हालचाल करू न शकणाऱ्या माणसाच्या माकडहाडावर काही तासांच्या दाबाने कातडी मरू लागते. ती चाळीसहून अधिक वर्षं शाबूत ठेवायला कुठलं यंत्र लागलं नाही. दर पाळीच्या सिस्टरने ती कातडी रोज पाहिली. या कामाला साधं म्हणणाऱ्याने एका रोग्याच्या बाबतीत ते एक महिना करून दाखवावं.

आणि तरीही या कामाला आपल्याकडे प्रतिष्ठा का नाही, हे उघडपणे बोललं पाहिजे. परक्या माणसाच्या शरीराला, त्याच्या मलमूत्राला हात लावणं हे आपल्या समाजाने जातीने वाटून दिलेलं काम होतं. त्यात हा परका पुरुष असला तर बाईच्या चारित्र्याचाच प्रश्न. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना प्लेगानेच गेल्या. त्या काळात घरचे लोकही आजाऱ्याजवळ जायला धजत नव्हते. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि तिथून ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला मुली जाऊ लागल्या, त्यांत विधवाही होत्या, तेव्हा पांढरपेशा घरांना त्याचा काय धक्का बसला असेल याची कल्पना आजही करता येते. धक्का ओसरला, पण वाटणी गेली नाही. ती वॉर्डात आली. स्पंजिंग मावशींकडे, बेडपॅन मामांकडे, कूस बदलणं नातेवाइकांकडे, आणि सिस्टरकडे कागद. सिस्टरची संख्या कमी आहे हे खरंच आहे. एका पाळीत तीसचाळीस रोगी आणि दोन सिस्टर असतील तर प्रत्येकाचं अंग कोण पुसणार? पण काम दुसऱ्याकडे देताना त्याबरोबर आपली नजरही देऊन टाकतो आहोत, हे लक्षात ठेवायला हवं. निदान अशक्त, बेशुद्ध, लकवा झालेल्या रोग्याला वळवताना तरी सिस्टरने स्वतः हात लावावा, आणि मावशींना काय बघायचं ते शिकवावं. अनुभवी मावशींच्या नजरेतून फार थोडं सुटतं. त्यांना कुणी विचारत नाही, एवढंच.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं नाव आल्याशिवाय अशी प्रस्तावना पुरी होत नाही, म्हणून थोडक्यात. दिव्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छोट्या पुस्तकात आजाऱ्याचं निरीक्षण कसं करावं यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि त्यात बाई आळशी निरीक्षणावर चांगल्याच बरसल्या आहेत, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. रोग्याला नुसतं ‘झोप लागली का?’ असं विचारू नये, किती तास लागली, रात्री कोणत्या वेळी लागली, असं विचारावं, हा त्यांचा आग्रह. आजच्या केस पेपरवरही तो जसाच्या तसा लागू आहे.

आता आकड्यांकडे. पुस्तकातलं तिसरं प्रकरण टीपीआर आणि बीपीचं आहे आणि त्यात मी श्वासाला सर्वांत जास्त पानं दिली आहेत. काही जणांना हे प्रमाणाबाहेर वाटेल. पण कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघा. तापाचे आकडे वेगवेगळे, नाडीचे वेगवेगळे, आणि श्वासाच्या रकान्यात सगळ्यांना १८ किंवा २०. ओळीने सगळ्या खाटांवरची माणसं मिनिटाला बरोबर तितकेच श्वास घेतात, हा चमत्कार रोज घडतो. तो कसा घडतो हे शिकणाऱ्यांनाही माहीत असतं आणि शिकवणाऱ्यांनाही. श्वास मोजायला पूर्ण मिनिट लागतं, यंत्र तो आकडा सहसा देत नाही, आणि ‘मी श्वास मोजते’ असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर तेवढी छातीकडे न्यायची आणि पुढचं मिनिट मोजायचं. युक्ती जुनी आहे, पण ती वापरणारे कमी.

रोगी ढासळायला लागला की बऱ्याचदा सर्वांत आधी हाच आकडा हलतो. रक्तदाब शरीर बराच वेळ सावरून धरतं. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली आणलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या न्यूज या गुणपद्धतीत मोठ्या माणसाचा श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २१ ते २४ असेल तर २, आणि २५ किंवा त्याहून जास्त असेल तर सरळ ३. एकाच आकड्याला ३ मिळाले की डॉक्टरांनी तातडीने येऊन बघायचं. आपल्या चार्टवरचा तो ठरलेला १८ हा आकडा काय लपवतो, ते यावरून कळावं.

याच श्वासाच्या मोजणीवर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने मुलांच्या न्यूमोनियाविरुद्धचं काम उभं केलं. खेड्यात एक्स-रे नाही, स्टेथोस्कोप वापरता येणारं कुणी नाही. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेतंय का, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतलं ४० किंवा जास्त, एवढं पाहायचं. ज्या दायांना आकडे लिहिता-वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असं साधं साधन त्यांनी तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी. गावातल्या माणसांनी न्यूमोनिया ओळखला, औषध दिलं, आणि बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष लॅन्सेटमध्ये छापून आले. अक्षर न येणारी दाई जे पूर्ण मिनिट मोजते, ते तीन किंवा चार वर्षं नर्सिंग शिकलेल्या माणसाने पंधरा सेकंदांवर आणू नये.

ताप आणि रक्तदाब यांच्याबद्दल प्रकरणात पुरेसं आहे. इथे फक्त आपल्या वॉर्डातल्या दोन गोष्टी सांगते. चार्टवर आपण सेल्सियस लिहितो आणि नातेवाईक फॅरनहाइटमध्ये विचार करतात. ‘३९ आहे’ म्हटलं की त्यांना काही कळत नाही. ‘१०२ च्या वर आहे’ म्हटलं की ते हादरतात. दोन्ही भाषा यायला हव्यात. आणि बीपी घेताना ब्लाउजची किंवा शर्टाची घट्ट बाही वर सरकवून ठेवली की ती दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो. मापताना रोग्याने बोलू नये, हे आपण शिकवतो, आणि मग आपणच पट्टा फुगवत विचारतो, ‘जेवलात का आजी?’

पुढचा मुद्दा आपल्या कातडीचा. विद्यार्थी ज्या इंग्रजी पुस्तकांतून शिकतात त्यांतली चित्रं बहुतेक गोऱ्या रोग्यांची असतात. लाल पुरळ, निळे ओठ, फिकट चेहरा हे सगळं गोऱ्या त्वचेवर जसं दिसतं तसं वर्णन केलेलं. सावळ्या किंवा काळ्या माणसाची कातडी तशी लाल होत नाही. होते ती आजूबाजूपेक्षा गडद किंवा जांभळट, आणि कित्येकदा डोळ्यांना काही दिसतच नाही. तिथे हाताची पाठ वापरायची. ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम आहे का, टणक आहे का की भुसभुशीत लागते, हे बघायचं. निळेपणा ओठांच्या आतल्या बाजूला आणि जिभेवर शोधायचा, फिकटपणा पापणीच्या आत आणि तळहाताच्या रेषांत. बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटरही गडद त्वचेवर प्राणवायू असतो त्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे कोविडच्या काळातल्या अभ्यासांनी पुन्हा ठळक केलं. आकडा ९४ आहे आणि माणूस वाक्य पूर्ण न करता थांबतोय, तर माणसावर विश्वास ठेवा. नखाला गडद नेलपॉलिश असेल तर ते काढा किंवा दुसरं बोट निवडा. आणि ऑपरेशनच्या आधी बांगड्या उतरवायच्या असतील तर आधी विचारा. हिरव्या बांगड्या किंवा मंगळसूत्र काढायला सांगितल्यावर बाईच्या मनात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. जिथे चालतं तिथे गॉज गुंडाळून चिकटपट्टी लावता येते. जिथे काढावंच लागतं तिथे का काढायचं ते सांगता येतं.

आता बोलणं. रोग्याची हकीकत घेण्यासाठी छापील प्रश्नावली असते आणि ती वाचून दाखवली की छापील उत्तरं मिळतात. ‘काही त्रास?’ ‘काही नाही.’ पडद्याआड पाठ पुसताना तीच बाई सांगते, दोन महिने अंगावर जातंय. खाटेशी सासू उभी असताना सुनेला पाळीबद्दल विचारलं तर उत्तर सासू देते. दंडावरचे जुने-नवे वळ ‘मोरीत पडले’ या दोन शब्दांत मिटतात. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि सेहत या संस्थेने मिळून दिलासा केंद्र सुरू केलं ते याचसाठी. घरात मार खाणारी बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते आणि तिथे तिला ओळखणारी नजर असावी लागते. वळ वेगवेगळ्या वेळचे आहेत का, सांगितलेली गोष्ट आणि जखमेची जागा जुळतात का, हे अंग पुसणाऱ्या हाताला आधी कळतं. विचारायचं ते एकटीला, हळू, आणि नाही म्हणाली तर दार उघडं ठेवून.

दुखणं मोजायला शून्य ते दहा अशी पट्टी शिकवली जाते. शहरी रोग्याला ती जमते. खेड्यातल्या आजोबांना ‘दहापैकी किती दुखतंय’ विचारलं की ते तुमच्या तोंडाकडे बघतात. त्यांना विचारा, रुपयात किती आणे दुखतंय? ते क्षणात सांगतील : बारा आणे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणे हळूहळू व्यवहारातून गेले, पण ‘चार आणे फरक पडला’ हे अजून लोकांच्या तोंडी आहे. सोळा आण्यांची ही पट्टी तुमच्या दहाच्या पट्टीइतकीच चालते. बारा म्हणजे साडेसात. ठणका, कळ, चमक, मुरडा, आग, टोचणी, जडपणा : लोकांनी वापरलेला शब्द चार्टवर तसाच लिहा. छातीत ‘जडपणा’ म्हणणाऱ्या माणसाला ‘वेदना नाही’ असं लिहून ठेवलं तर हृदयविकाराचा झटका कागदावरून गायब होतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रोगी येतात; दर काही महिन्यांनी तेच दुखणं घेऊन येतात म्हणून त्यांना ‘सवय झालीय’ असं म्हणणारी मंडळी वॉर्डात भेटतील. सिकलसेलच्या झटक्याचं दुखणं सहन करण्यापलीकडचं असतं. रोगी सांगतो तेवढं त्याला दुखतंय, असं धरून पुढे जायचं.

डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध मोजायला १९७४ सालापासून ग्लासगो स्केल आहे, ३ ते १५ गुणांचं. त्यातले पाच गुण बोलण्याचे. आपण कुठे आहोत, वार कोणता, हे नीट सांगितलं तर ५, गोंधळलेलं बोलला तर ४. पण मेळघाटातून आलेली बाई कोरकू बोलते, भामरागडहून आलेला माडिया, धडगावचा पावरी. त्यांना तुमचा प्रश्नच कळला नाही तर तो गोंधळ कुणाचा? नातेवाइकाला मध्ये घ्या, प्रश्न त्याच्याकडून विचारा, आणि कुठल्या भाषेत विचारलं ते चार्टवर लिहा. मराठी बोलणाऱ्या आजीलाही तारीख विचारू नका. तारीख तिला घरीही माहीत नसते. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी, काल बाजार होता का, हे विचारा.

काही वेळा रोगी सांगत नाही कारण त्यालाच माहीत नसतं. पावसाळ्यातली पहाट, शेतकरी कुटुंबातला तरुण, पोटात दुखतंय आणि उलट्या. अंगावर काही खूण नाही, सूज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रपाळीला एकटी सिस्टर. तिने एकच प्रश्न विचारायला हवा : रात्री कुठे झोपला होतास? जमिनीवर झोपला असेल तर मण्यार डोक्यात यायलाच हवी. तिचा दंश झोपेत होतो, फारसा दुखत नाही, आणि खूण सापडतेच असं नाही. मग पापण्या खाली ओघळताहेत का, गिळताना त्रास होतोय का, मान उशीवरून उचलता येते का, एका श्वासात किती आकडे म्हणता येतात, हे पुन्हा पुन्हा बघायचं आणि वेळ टाकून लिहायचं. मघाशी वीसपर्यंत गेलेला मुलगा आता नऊवर थांबला, तर श्वासाचे स्नायू चालले आहेत. घोणस चावलेल्याच्या बाबतीत वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी असते. नळी काचेची हवी, स्वच्छ आणि कोरडी हवी, आणि वीस मिनिटं ती हलवायची नाही. प्लास्टिकच्या नळीत किंवा साबणाने धुतलेल्या नळीत केली तर निकाल फसवतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशात महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी जे शोधलं, तेही रोग्याच्या उशाशी बसून. दरदरून घाम, तोंडाला सुटलेली लाळ, गार पडलेले हातपाय, आणि नंतर फुप्फुसात भरत जाणारं पाणी, हा क्रम त्यांनी टिपला, आणि प्राझोसिनच्या वापराने मृत्यू कमालीचे घटले. पाय गार आहेत हे कळायला पायांना हात लावावा लागतो.

नोंदींच्या प्रकरणात मी थोडी कडक झाले आहे, त्याबद्दल माफी मागणार नाही. ‘पेशंट बरा, तक्रार नाही’ हे वाक्य पुस्तकभर कुठेही सापडणार नाही. इनटेक-आउटपुट चार्टवर ‘पाणी प्यायला, लघवी झाली’ असं लिहू नका. वॉर्डातला स्टीलचा ग्लास, घरून आणलेलं फुलपात्र, तांब्या, हे एकदा मापाच्या भांड्याने मोजून ठेवा. नातेवाइकांना तेच सांगा. साठ किलोच्या माणसाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली राहू लागली तर सकाळच्या राऊंडची वाट बघायची नसते. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवताना ‘सर, जरा येता का’ एवढंच म्हणू नका. कोण, काय झालं, आधी काय होतं, आता आकडे काय, तुम्हाला काय हवंय, या क्रमाने सांगितलं तर चिडलेले डॉक्टरही ऐकतात. आणि आकडे ठीक असूनही काहीतरी बिघडलंय असं वाटलं तर तेही सांगा. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात तातडीचं पथक बोलावण्याची पद्धत १९९० च्या सुमारास सुरू झाली. अशा पथकांना बोलावण्याच्या निकषांच्या यादीत ‘रोग्याबद्दल काळजी वाटते’ हाही एक निकष असतो. ते वाटणं हवेतून येत नाही. सकाळी तुम्ही त्याचं तोंड धुतलेलं असतं आणि आता तो तसा दिसत नाही.

थोडं पुस्तकाच्या रचनेबद्दल. प्रत्येक कौशल्याच्या प्रकरणात ‘हे करताना काय बघाल’ असा भाग कृतीच्या आतच घातला आहे, शेवटी जोडलेला नाही. परीक्षेत पायऱ्या लिहाव्या लागतात हे मला माहीत आहे, म्हणून पायऱ्याही आहेत. व्हेंटिलेटर, सेंट्रल लाइन यांचं काही इथे मिळणार नाही. त्यासाठी दुसरी पुस्तकं आहेत आणि ती इंग्रजीतच वाचलेली बरी. शब्द मी वॉर्डातलेच ठेवले. कॅथेटरला ‘मूत्रनलिका’ म्हणून परीक्षेलाही उपयोग नाही आणि रोग्यालाही. रोगी स्वतः जे शब्द वापरतात त्यांची यादी मात्र परिशिष्टात जिल्हावार दिली आहे. ती अपुरी आहे : कोल्हापूर, सोलापूर, पुणे आणि नागपूर बऱ्यापैकी, मराठवाडा अर्धामुर्धा, कोकण आणि गोवा फारच तोकडे, खानदेशातली अहिराणी जवळजवळ नाही. तुमच्या वॉर्डात नवा शब्द कानावर पडला तर तो कुणी, कुठल्या दुखण्यासाठी वापरला हे लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत तो घालायचा आहे.